अनंताची पेज

आमच्या घरी अनंत आला तो माझ्या मांडीवर बसून. राजापूर ते कोल्हापूर, कोल्हापूरला गाडी बदलून सोलापूर, एवढी वाट मी त्याला एसटीत दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. सासूबाईंनी मुळांभोवतीची तांबडी माती न हलवता रोप केळीच्या सोपात गुंडाळलं होतं आणि वरून सुंभ आवळला होता. श्रावण होता. घाट चढेपर्यंत पाऊस, सांगोल्यापर्यंत ढग, आणि मंगळवेढ्याला जमीन काळी झाली तेव्हा खिडकीतून कडक ऊन आत आलं. शेजारच्या आजोबांनी बराच वेळ रोपाकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठं न्यायलाव?"

"सोलापूरला."

"बिचारं," एवढंच म्हणून ते झोपले.

त्या एका शब्दात किती शेतीशास्त्र होतं, ते मला पुढच्या वैशाखात कळलं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमच्याकडे त्याचा चौथा-पाचवा हिस्सा पडला तरी लोक "यंदा बरं झालं" म्हणतात. तिकडची जांभ्याची माती आंबट, इकडची काळी माती चुनखडीची, अल्कधर्मी. तिकडे मे महिन्यातही हवा ओल्या पंच्यासारखी अंगाला चिकटते. इकडे दुपारी वाळत घातलेला पंचा काढायला जावं तर तो पापडासारखा मोडेल की काय अशी भीती वाटते. आणि अनंत हे झाड मूळचं चीन-जपानकडचं, दमट हवेतलं, आंबट मातीचं. त्याचं शास्त्रीय नाव गार्डेनिया. मला वाटायचं, बागेत शोभतं म्हणून गार्डेनिया. तसं नाही. अठराव्या शतकात अमेरिकेत चार्ल्सटनला अलेक्झांडर गार्डन नावाचे एक डॉक्टर होते, त्यांच्या आडनावावरून ते ठेवलंय. म्हणजे झाडाच्या नावातच डॉक्टर आहे. पुढे त्याला डॉक्टरांचा कसा तोटा नव्हता, ते सांगतोच.

कुंडीत इकडचीच माती भरून त्याला गॅलरीत ठेवलं. पहिले सहा महिने बरे गेले. हिरवी, चकचकीत, तेल लावल्यासारखी पानं. माझी बायको रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्याजवळ उभी राहायची. ती काही बोलायची नाही, पण माहेरच्या अंगणात विहिरीच्या वाटेवर अनंताचं मोठं झाड आहे आणि पावसाच्या तोंडावर त्याची पांढरी फुलं उमलली की त्या वासानं घरातले लोक हळू आवाजात बोलायला लागतात, हे मी स्वतः अनुभवलंय. फूल पहिल्या दिवशी पांढरंशुभ्र, मग सायीच्या रंगाचं, मग पिवळसर होत जातं, आणि वास शेवटपर्यंत सोडत नाही. तो वास सोलापुरात आणायचा होता.

होळी झाली आणि फुलाऐवजी पानं पिवळी पडायला लागली. तीही गमतीदार. जुनी पानं हिरवीच, कोवळी मात्र पिवळी, आणि त्या पिवळ्यात शिरा तेवढ्या हिरव्या, नकाशातल्या नद्यांसारख्या. गुढीपाडव्यापर्यंत कडा करपल्या. अक्षय्य तृतीयेला पानं मोजली तर नऊ होती, आणि नाव अनंत.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी आयुष्यभर लेखा विभागात नोकरी केली. निवृत्त झालो तरी जमेच्या बाजूला काय आणि खर्चाच्या बाजूला काय, हे डोक्यात चालूच असतं. आमच्याकडे नळाला पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी येतं. त्या दिवशी घरात लग्नघाई असते. पिंप, हंडे, बादल्या, जुन्या पातेल्यांपर्यंत सगळं भरून ठेवायचं. मग मधल्या दिवसांत प्रत्येक तांब्याचा हिशेब. अशा घरात झाडाला पिण्याचं पाणी घालणं म्हणजे अफरातफरच. म्हणून मी एक व्यवस्था बसवली होती आणि तिचा मला अभिमान होता. पाणी शुद्ध करायचं जे यंत्र स्वयंपाकघरात आहे, ते एक लिटर गोडं पाणी काढताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. ते मी बादलीत धरायचो. कूलर धुताना टाकीच्या तळाशी जे पाणी उरतं तेही. ही सगळी बचत अनंताच्या खाती जमा.

ही बचत नव्हती, विषप्रयोग होता. शुद्धीकरणाच्या यंत्रातून बाहेर पडणारं पाणी म्हणजे गोड्या पाण्यातून काढलेले सगळे क्षार एकत्र केलेलं पाणी. कूलरचं त्याहून वाईट. पाणी वाफ होऊन उडून जातं, क्षार मागे राहतात, आपण वरून पुन्हा पाणी ओततो, ते उडतं, पुन्हा क्षार राहतात. कूलरच्या गवतावर मे महिन्यात जी पांढरी खरपुडी जमते, ती याचीच. कुंडीच्या काठावरही तशीच पांढरी रेघ आली होती. मला वाटलं, कुंडी जुनी झाली.

आणि मुळाशी मीठ साचलं की पाणी असूनही झाडाला ते ओढता येत नाही. समुद्रात तहानेनं मरावं तसं. शिवाय चुन्यानं माती अधिक अल्कधर्मी झाली की तिच्यातलं लोह अडकून बसतं. आपली काळी माती बसाल्टची, लोहाला काही कमी नाही. पण ते झाडाला घेता येईल अशा रूपात राहत नाही. लोखंडाच्या कोठारावर बसून अनंताला पंडुरोग झाला होता. लोह एकदा पानात गेलं की ते तिथून हलत नाही, म्हणून जुनी पानं हिरवी राहतात आणि नवी उपाशी जन्मतात. नत्र कमी पडलं तर याच्या उलट, जुनी पानं आधी पिवळी होतात. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त पिवळा रंग पाहिला, आणि पिवळा रंग पाहिल्यावर माणूस जे करतो तेच केलं. चार लोकांना विचारलं.

सोलापुरात कुणालाही पत्ता विचारा, तो माणूस आपलं काम सोडून तुमच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत येतो. झाडाच्या बाबतीतही तीच आपुलकी. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, चहाचा चोथा घाला. आमचा चहा साखर-दूध घालून खदखदा उकळलेला. चोथा घातल्याच्या दुसऱ्या दिवशी कुंडीत मुंग्यांचं संमेलन भरलं. समोरच्या वहिनींनी अंड्यांची टरफलं वाटून आणून दिली. त्यांचा भाव इतका चांगला होता की मी ती त्यांच्या देखत घातली. अंड्याचं टरफल म्हणजे चुनाच. ज्याचा गळा चुन्यानं आवळलाय त्याला आम्ही चुन्याचाच घास भरवला. कुणी ताक सांगितलं, कुणी कांद्याच्या सालींचं पाणी. एकांनी तर मूठभर युरिया आणून टाकला आणि "बघा आठ दिवसांत" म्हणाले. आठ दिवस लागले नाहीत. चौथ्या दिवशी नवातली पाच पानं उरली.

याशिवाय नखाची परीक्षा. झाड जिवंत आहे की नाही हे पाहायचं असेल तर खोडाची साल नखानं जराशी खरवडायची. आत हिरवं दिसलं तर जीव आहे, तपकिरी कोरडं दिसलं तर फांदी गेली. परीक्षा खरी आहे, पण ती एकदा करायची असते. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा हात धुवायच्या आधी गॅलरीत जाऊन खरवडायचा आणि "आहे, आहे, जीव आहे" असं मला सांगायचा. महिन्याभरात त्या बोटभर जाडीच्या खोडावर इतके ओरखडे झाले की ते उन्हानं नाही तर तपासण्यांनीच दगावलं असतं.

मीही मागे नव्हतो. दुपारी बारा-एकच्या सुमाराला उरलेली पानं माना टाकायची, मला राहवायचं नाही, मी पाणी घालायचो. खरं म्हणजे दुपारी मान टाकणं हे दुखणं नव्हे, ती वामकुक्षी आहे. त्रेचाळीस अंशांत पानांतून पाणी जितक्या वेगानं उडतं तितक्या वेगानं मुळं ते पुरवू शकत नाहीत. पान मान खाली घालून उन्हाला कमी अंग दाखवतं. संध्याकाळी ते आपलं आपण उठून बसतं. सकाळीही मान खाली असेल तर काळजी करावी. मला हा फरक माहीत नव्हता. आणि पाणी तरी कुठं जात होतं? वाळून वाळून माती कुंडीच्या कडेपासून सुटली होती. वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरायचं आणि दोन सेकंदांत भोकातून बाहेर यायचं. मी समाधानानं म्हणायचो, पोट भरलं. मुळांच्या मधला गोळा वाळलेल्या शेणीसारखा कोरडा होता.

शेवटी सासूबाईंचा फोन आला तेव्हा मी सलूनच्या खुर्चीत होतो. त्या अजूनही पहिली चौकशी त्याचीच करतात.

"जावईबापू, अनंत कसा आहे?"

"आई, फार पिवळा पडलाय. अन्न-पाणी काही लागतच नाही."

फोन ठेवल्यावर सलूनवाल्यानं वस्तरा थांबवला. "काका, कावीळ दिसतीया. घाबरायचं काय न्हाई. सावलीत झोपवून ठेवा, लिंबाचं पाणी द्या, तेलकट-तिखट बंद, आन् औषधांचा भडिमार करू नका." अनंत म्हणजे झाड, हे त्याला सांगायचा धीर मला झाला नाही. पण आज मागे वळून बघतो तेव्हा दिसतं की त्या दोन महिन्यांत मिळालेल्या सगळ्या सल्ल्यांत हाच सल्ला अक्षर न अक्षर बरोबर होता.

रात्री बायकोनं आईला पुन्हा फोन लावला आणि मला सगळं खरं सांगायला लावलं. मी कूलर सांगितला, यंत्राचं पाणी सांगितलं, चोथा, टरफलं, ताक, युरिया, क्रमानं सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "आजारी माणसाला कोणी श्रीखंड-पुरी वाढतं का? त्याला पेज द्या."

"तांदळाची?" मी विचारलं.

बायकोनं फोन माझ्या हातातून काढून घेतला.

पेज म्हणजे साधं पाणी, हे मला नंतर समजावण्यात आलं. साधं, गोडं, थोडं, वेळच्या वेळी. खत बंद. कुंडी बदलायची नाही. वैशाखात मुळं हलवली तर उरलेली तुटतील. ऊन फक्त सकाळचं कोवळं. आणि मातीत बोट घालून बघायचं, दोन पेरं कोरडं लागलं तरच पाणी. हे ऐकताना मी वहीत लिहून घेत होतो. बायको वहीकडे बघत म्हणाली, "अहो, या झाडाला तुम्ही आजवर एक तरी गोष्ट उरलेली नव्हे अशी दिलीत का?"

मी जमेची बाजू पुन्हा वाचली. यंत्राचं फेकायचं पाणी. कूलरचा गाळ. चहाचा चोथा. टरफलं. साली. आंबट झालेलं ताक. घरात जे काही टाकायचं होतं ते मी झाडाला दिलं होतं आणि त्याला प्रेम म्हणत होतो. एका जिवाला मांडीवर बसवून पाहुणा म्हणून आणायचं आणि वर्षभर खरकटं वाढायचं, असा तो हिशेब होता. त्यात बेरजेची चूक कुठंच नव्हती.

दुसऱ्या दिवशी नळ आला. बायकोनं लग्नातलं पितळी घंगाळ माळ्यावरून काढलं, त्यात नळाचं ताजं पाणी भरलं आणि कुंडी अलगद आत बसवली. पाणी कुंडीच्या गळ्यापर्यंत. मातीतून बुडबुडे यायला लागले. एकदम बरेच, मग थांबत थांबत, मग एखादा. आम्ही दोघं पाटावर बसून ते बघत होतो. बुडबुडे थांबायला पाऊण तास लागला. तोवर गोळा आतून भिजला, माती फुगून पुन्हा कडेला टेकली. ते पाणी टाकून दिलं आणि वरून आणखी दोन बादल्या हळूहळू घातल्या, क्षार धुऊन जावेत म्हणून. दोन बादल्या पिण्याचं पाणी. माझा हात थरथरला हे मी नाकारत नाही.

मग सावली. हिरवी जाळी आणायला बाजारात जायचं होतं, पण ऊन असं होतं की अकरा वाजता रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. म्हणून पश्चिमेच्या बाजूनं जुनी चादर बांधली. सोलापुरी चादर, भौगोलिक मानांकन मिळालेली. दिवाळीत ती अंगावर घेऊन झोपतात. आमच्याकडे ती रोज दुपारी एका पाच पानांच्या झाडाला पांघरली जात होती. काळी प्लास्टिकची कुंडी तापते आणि मुळं आतल्या आत भाजतात, म्हणून ती तशीच्या तशी एका मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवली आणि मधल्या जागेत वाळू भरून ती ओली ठेवली. मातीची भिंत पाझरते, वाऱ्यानं वाळते आणि आतलं गार राहतं, माठाचंच तंत्र. वरून नारळाच्या शेंड्या पसरल्या.

शिवाय एक गंमत. संक्रांतीचं एक सुगड माळ्यावर पडलं होतं. ते कुंडीच्या कडेला, मुळं सांभाळून, गळ्यापर्यंत पुरलं, पाण्यानं भरलं आणि वर पणती पालथी घातली. झिलई नसलेलं मातीचं भांडं. बाहेरची माती कोरडी झाली की पाणी पाझरतं, ओली असली की थांबतं. झाडाला जेवढं हवं तेवढंच. मला वाटलं, हा शोध माझा. मग वाचनात आलं की दोन हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये फान शेंगझी नावाच्या कृषिपंडितानं वेलवर्गीय पिकांसाठी मडकी पुरून पाणी द्यायची हीच रीत लिहून ठेवली होती. म्हणजे आमच्या अनंताला निदान माहेरच्या पद्धतीनं पाणी मिळालं. आणि वैशाखात महादेवाच्या पिंडीवर गळती लावतात ती तरी वेगळी काय आहे? थेंब थेंब, दिवसभर, घाई नाही. देवाला उन्हाळा कसा लागतो हे आपल्याला बरोबर कळतं.

हे सगळं करायला एक सकाळ पुरली. त्यानंतरचे तीन आठवडे काही न करण्याचे होते, आणि ते फार जड गेले. सकाळी बोट घालायचं, सुगड भरायचं, आत यायचं. दुपारी पानांनी माना टाकल्या तरी खिडकीपाशी हात मागे बांधून उभं राहायचं. पाहुणा आला की त्याला आधी चहा द्यायचा आणि नखं बघायची. वरच्या काकांनी विचारलं, "सध्या काय देताय?" मी म्हटलं, "काही नाही." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आजारी नातेवाइकाला दवाखान्यात न नेणाऱ्या माणसाकडे बघतात.

बाविसाव्या दिवशी खोडावर, एका जुन्या ओरखड्याच्या खाली, मोहरीएवढं हिरवं टोक दिसलं. मी बायकोला हाक मारली. ती चष्मा लावून वाकली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हात लावू नका."

डोळे फुटल्यावर मग औषध. हिराकस. कृषी सेवा केंद्रात मी ते नाव घेतलं तेव्हा दुकानदाराच्या मुलानं "फेरस सल्फेट म्हणा ना" असं ऐकवलं. पण मला हिराकस हाच शब्द जवळचा. जुन्या दप्तरांतली काळी शाई हिरडा आणि हिराकस घालूनही करायचे. आमच्या धंद्याचं मूळ त्यात आहे. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि ग्रॅमभर लिंबाचं सत्त्व असं प्रमाण सांगतात. मी आजारी माणसाचा विचार करून निम्मंच घेतलं आणि ऊन कलल्यावर पानांवर फवारलं. मातीत घातलं असतं तर चुन्यानं तेही अडवून ठेवलं असतं. पिण्याच्या पाण्यात अधूनमधून लिंबाचे चार थेंब, सलूनवाल्याच्या सांगण्याप्रमाणे. तो मला अजून विचारतो, "अनंताची तब्येत कशी हाय?" मी सांगतो, "आता बरा आहे, रंग सुधारलाय."

मृगाच्या आधी एका संध्याकाळी वळीव कोसळला. पहिली पाच मिनिटं छतावरची धूळ जाऊ दिली, मग घरातली झाडून सगळी भांडी गच्चीवर गेली. परात, घंगाळ, पातेली, डब्यांची झाकणंसुद्धा. पावसाच्या पाण्यात ना चुना, ना मीठ. सासूबाईंच्या अंगणात ते चार महिने फुकट ओतलं जातं. मी ते गाळून, कॅनमध्ये भरून, तारीख टाकून ठेवलं. अठरा लिटर. त्यातला एक थेंब घरात दुसऱ्या कशाला वापरलेला नाही. बायकोनं एकदा केस धुवायला मागितलं होतं. तिलाही दिलं नाही, आणि तिनंही पुन्हा मागितलं नाही.

आज सकाळी पानं मोजली. एकवीस. एक कळीही आहे, हिरवी, पीळ पडलेली. हवा एकदम बदलली की अनंत कळ्या गाळतो, त्यामुळे तिची बातमी मी अजून राजापूरला कळवलेली नाही.

अठरापैकी चार लिटर उरलेत आणि पावसानं पुन्हा दडी मारलीय. म्हणून हे लिहितोय. एसीच्या नळीतून जे पाणी ठिबकतं ते हवेतली वाफ थंड होऊन झालेलं असतं. त्यात क्षार जवळजवळ नसतात. उरलेल्यापैकी अनंताला चालतं असं आजवर हे एकच सापडलंय. आमच्याकडे एसी नाही. सोलापुरात कुणाच्या खिडकीखाली अशी बादली भरत असेल तर कृपा करून ओतून देऊ नका. मी न्यायला येईन. कॅन माझा.